विशाखापट्टणमची कुरसुरा: पंधरा मिनिटांत नेमकं काय बघायचं?

सोनचाफा
विशाखापट्टणमला जायचं ठरतंय. रामकृष्ण बीचवर 'आयएनएस कुरसुरा' ही निवृत्त पाणबुडी संग्रहालय म्हणून ठेवली आहे, ती बघायचीच आहे. पण जिथे वाचावं तिथे हेच, की आत रांग एकाच दिशेने सरकते, मागचे पुढच्यांना ढकलतात आणि दहा-पंधरा मिनिटांत माणूस दुसऱ्या टोकाने बाहेर. विचारलं काय बघितलं, तर उत्तर "खूप पाइप होते". जाणकारांनी सांगावं, कुठल्या कप्प्यात नजर कुठे ठेवायची? सोबत दोन ज्येष्ठ नागरिक (पैकी एकांचे गुडघे कुरकुरतात) आणि एक आठ वर्षांची प्रश्नपेटी.

चकली
"खूप पाइप होते" हे पाणबुडीचं अत्यंत अचूक वर्णन आहे. धागा बंद करायला हरकत नाही.

तांडेल
चकली, हाहा. पण धागा चालू द्या.

आधी बाहेरून बघा. बहुतेक जण तिकीट काढून थेट जिन्याकडे धावतात आणि निम्मी पाणबुडी तिथेच हुकते. कुरसुरा ९१.३ मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद. पाण्यावर तरंगताना ती १९५० टन पाणी बाजूला सारते, बुडाल्यावर २४७५ टन. मधला फरक ५२५ टनांचा, आणि पाणबुडी बुडते कशी याचं उत्तर त्या फरकात आहे. तिला दोन अंगं असतात. आतलं जाड पोलादाचं नळकांडं पाण्याचा दाब सोसतं आणि माणसं त्यात राहतात. बाहेरचं पातळ कवच म्हणजे नुसता आकार. दोन्हींच्या मधल्या पोकळीत बॅलास्ट टाक्या. बुडायचं तर टाक्यांच्या माथ्यावरच्या झडपा उघडायच्या, हवा वरून निसटते आणि पाणी खालून शिरतं. वर यायचं तर माथ्याच्या झडपा बंद करून बाटल्यांतली दाबाची हवा टाकीत सोडायची, पाणी आलं त्याच वाटेने खालून बाहेर जातं.

कवचाच्या बाजूला ओळीने लांबट भोकं दिसतील. लोक ती गंजाची समजतात. ती मुद्दाम ठेवलेली आहेत, नाहीतर बाहेरच्या कवचात हवा कोंडून बोट बुडणारच नाही.

प्रश्नपेटीसाठी प्रयोग: बादलीत ग्लास उपडा दाबून धरायचा, आणि मग किंचित तिरका करायचा. बुडबुडे निघाले की ग्लास हातातून खाली ओढ घेतो. विशाखापट्टणमला जायच्या आधी घरीच करा.

अश्विनी_कुमार
अप्रतिम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

डिझेलकाका
तांडेलांनी बाहेरचं सांगितलं, मी आतलं सांगतो. कप्पे सात. आकडे नाकाकडून मोजायचे.

पहिला, पुढचे टॉर्पेडो. दुसरा, खाली बॅटऱ्या आणि वर अधिकाऱ्यांच्या खोपट्या. तिसरा, नियंत्रण कक्ष. चौथा, पुन्हा खाली बॅटऱ्या, वर खलाशांची जागा आणि भटारखाना. पाचवा, डिझेल इंजिनं. सहावा, विजेच्या मोटारी. सातवा, मागचे टॉर्पेडो आणि बाकीच्यांच्या झोपायच्या जागा. एवढं पाठ असलं की रांगेने कितीही ढकललं तरी आपण कुठे आहोत ते कळतं. ७५ माणसं या सात कप्प्यांत राहायची, त्यात अधिकारी आठच.

वेळ खर्च करायचा तो पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्यात. दुसऱ्या-चौथ्यात खलाशांचे पुतळे ठेवलेत, गर्दी तिथे फोटोला थांबते. तुम्ही थांबू नका. तिथे पायाखाली बघा. ज्याच्या जिवावर बोट पाण्याखाली चालायची ते सगळं त्या फरशीखाली होतं: ४४८ सेल, ११२ चे चार गट, शिसं आणि आम्ल. आपल्या स्कूटरच्या बॅटरीचंच तत्त्व, आकार तेवढा राक्षसी.

पाचव्यात तीन डिझेल इंजिनं, प्रत्येकी २००० अश्वशक्तीची. सहाव्यात तीन मोटारी, दोन १३५० च्या आणि मधली २७०० ची. म्हणून मागे तीन दांडे आणि तीन पंखे. बाहेरून फेरी मारताना शेपटीकडे ते मोजून घ्या.

मिरची_भजी
एक बाळबोध शंका. इंजिनं सहा हजार अश्वशक्तीची आहेत, मग मोटारी कशाला? थेट इंजिनावर चालवायची की.

डिझेलकाका
बाळबोध नाही, सगळ्यात महत्त्वाची शंका आहे. डिझेलला हवा लागते आणि पाण्याखाली ती फक्त माणसांच्या नाकातोंडाला पुरेल एवढीच असते. तीन इंजिनं सुरू केली तर बोटीतली हवा बघता बघता संपेल. म्हणून वर असताना डिझेलवर चालायचं आणि बॅटरी भरायची, खाली गेलं की बॅटरीवर मोटारी.

आता हिशोब बघा. पाण्याखालचा वेग १५ नॉट म्हणजे ताशी साधारण २८ किलोमीटर. ऐकायला बरा वाटतो, पण त्या वेगाने बॅटरी तास-दीड तासात मान टाकते. दोन नॉटने, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश गेलं, तर दिवसच्या दिवस पुरते. त्यामुळे जुन्या पाणबुडीचं खरं कसब पळण्यात नव्हतंच, दबा धरून बसण्यात होतं.

मधला मार्ग म्हणजे स्नॉर्कल. बोट पेरिस्कोपपुरती (म्हणजे पाण्याबाहेर बघायची उभी दुर्बीण तेवढी वर निघेल इतकी) वर आणायची, एक नळी पाण्याबाहेर काढायची आणि डिझेल चालवायचं. वेग ९ नॉट. नळीच्या तोंडाशी एक झडप असते, लाट आली की ती मिटते, नाहीतर समुद्र थेट आत. पण झडप मिटली म्हणून इंजिन काही थांबत नाही, ते बोटीच्या आतली हवा ओढायला लागतं. दाब झपकन उतरतो आणि सगळ्यांच्या कानांना दडे बसतात. लाट ओसरली, झडप उघडली, हवा परत आत आली की पुन्हा दडे. खवळलेल्या समुद्रात हे रात्रभर. पाचव्या कप्प्यात उभं राहून एवढं एक आठवा, मग पाइप नुसते पाइप राहत नाहीत.

चकली
म्हणजे घाटात एसटीत बसल्यासारखं, फक्त घाट संपतच नाही.

वल्हव_रे
काका, 'टॉर्पेडो' काय लिहिता? मराठीत 'पाणतीर' असा नेटका शब्द आहे.

डिझेलकाका
नेटका आहे, पण डॉकयार्डात "पाणतीर आण रे" म्हटलं तर कोण आणेल?

वल्हव_रे
टॉर्पेडो म्हटल्यावर तरी दोन टनांचं धूड कोण उचलून आणणार आहे :)

नाखवा_ऑनलाइन
पाणतीर असो की टॉर्पेडो, पहिल्या कप्प्याबद्दल लिहितो, कारण तिथे लोक सहा गोल झाकणं बघतात, सेल्फी घेतात आणि पुढे.

पुढे सहा नळ्या, मागे चार. एकूण २२ टॉर्पेडो: दहा नळ्यांत आणि बारा फेरभरणीसाठी बाहेर मांडलेले. एकेकाचा व्यास ५३३ मिलीमीटर आणि लांबी सात मीटरच्या आसपास. खलाशी त्यांच्या शेजारीच झोपायचे.

प्रत्येक नळीला दोन दारं. आतलं, जे आपल्याला दिसतं, आणि समुद्राकडचं. दोन्ही कधीही एकत्र उघडी नकोत. क्रम असा: आतलं दार उघडून टॉर्पेडो सरकवायचा, दार लावायचं, नळीत पाणी भरायचं, नळीतला दाब बाहेरच्या समुद्राएवढा करायचा, मग बाहेरचं दार उघडायचं. दाब सारखा नसेल तर ते दार उघडणारच नाही, २५० मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला २५ किलोचा भार असतो. त्यानंतर दाबाच्या हवेने टॉर्पेडो ढकलायचा. तो सुटला की नाकाचं वजन एकदम दोन टनांनी कमी होतं आणि नाक वर उचललं जातं, म्हणून तेवढं पाणी लगेच आत घेऊन तोल सांभाळावा लागतो.

आता बारीक गोष्ट. आतलं दार उघडण्याआधी पलीकडे पाणी आहे का हे कळणार कसं? त्यासाठी दारावर एक चिमुकली तोटी असते. फिरवली आणि पाण्याची चिळकांडी आली, तर दाराला हात लावायचा नाही. १ जून १९३९ ला 'थेटिस' या ब्रिटिश पाणबुडीवर लिव्हरपूलजवळ चाचणी चालू असताना तोटी फिरवली, काही आलं नाही, म्हणून दार उघडलं. समुद्राकडचं दार उघडंच होतं. तोटीचं भोक रंगाने बुजलेलं होतं. ९९ माणसं गेली, चौघे वाचले. रंगाच्या एका थेंबापायी!

तेव्हा पहिल्या कप्प्यात झाकणं बघताना त्यांच्यावरच्या बारीकसारीक तोट्या, खिट्ट्या शोधा.

मिरची_भजी
बापरे. माहीत नव्हतं.

सोनचाफा
नाखवा, अंगावर काटा आला. प्रश्नपेटीचा पहिला प्रश्न आत्ताच दाखल झालाय: "त्यांना शू कुठे करायची?"

चकली
आला! पाणबुडीच्या प्रत्येक चर्चेत हा प्रश्न पाचव्या मिनिटाला येतोच, इथे जरा उशीरच झाला.

तांडेल
प्रश्न गंभीर आहे. बाहेर समुद्राचा दाब असताना टाकी रिकामी करायची म्हणजे हवेने त्याहून जास्त दाब देऊन बाहेर ढकलायचं, आणि त्याआधी झडपा ठरलेल्या क्रमाने उघडायच्या-मिटायच्या. क्रम चुकला तर समुद्र उलटा आत येतो. एप्रिल १९४५ मध्ये 'यू-१२०६' ही जर्मन पाणबुडी स्कॉटलंडजवळ याच पायी गेली. संडासाची झडप चुकीची उघडली, खारं पाणी आत आलं आणि खालच्या बॅटऱ्यांवर पडलं. बॅटरीतल्या आम्लावर खारं पाणी पडलं की क्लोरिन वायू तयार होतो. वर येण्यावाचून इलाज उरला नाही, वर आल्या आल्या विमानांनी गाठलं.

एवढं पोरीला सांगा, मग ती घरचा फ्लशसुद्धा जपून ओढेल.

डिझेलकाका
बॅटरीचं आणखी एक दुखणं हायड्रोजन. भरताना तो सुटतो, आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. म्हणून भरणी चालू असताना पंखे सतत चालू ठेवायचे आणि प्रमाण मोजत राहायचं. दुसऱ्या नि चौथ्या कप्प्यात माणसं झोपायची ती या सगळ्याच्या वर.

कोरा_कागद
माझं मत थोडं वेगळं. आताची कुरसुरा ही खरी पाणबुडी राहिलेलीच नाही. लोकांना आत-बाहेर करता यावं म्हणून अंगाला दारं कापलीत, जिने जोडलेत, पुतळे उभे केलेत. जिच्या नळकांड्याला एक भोक परवडत नव्हतं तिला दरवाजा! त्यापेक्षा जशी होती तशी ठेवून वरच्या गोल झाकणातून उतरवायला हवं होतं.

नाखवा_ऑनलाइन
कोरा_कागद, मग दिवसाला किती माणसं बघतील? उभ्या शिडीने एकेक माणूस उतरणार, साडी नेसलेल्या बाईने काय करायचं, लहान मुलांचं काय? आणि आत कुणाला भोवळ आली तर वर कसं काढणार? लोकांना आत न्यायचं असेल तर कापावंच लागतं. पुतळ्यांबद्दल मात्र सहमत. दुकानातल्या कपड्यांच्या पुतळ्यांची आठवण येते.

तांडेल
शिवाय न कापता ठेवलं म्हणजे टिकतंच असं नाही. खरा शत्रू खारा वारा. दोन अंगांच्या मधल्या पोकळीत ओल साचते, तिथे ब्रश पोचत नाही, पत्रा आतून खात जातो आणि बाहेरून रंग चकचकीत दिसतो. पाण्यात तरंगत ठेवली तर आणखी वाईट. कुरसुराच्याच जातीची, फॉक्सट्रॉट वर्गाची 'बी-३९' अमेरिकेत सॅन डिएगोला तरंगतं प्रदर्शन होती. गंजून खराब झाली आणि २०२२ मध्ये भंगारात काढायला ओढून नेली. कुरसुरा वाळूत पक्क्या पायावर आहे, हे तिचं नशीब. किनाऱ्याजवळ आणल्यावर शेवटचे काहीशे मीटर तिला जागेवर न्यायला दीड वर्ष लागलं होतं. एवढी खटपट केल्यावर जिना जोडला तर जोडू दे.

कोरा_कागद
दीड वर्ष? मग माघार घेतो. निम्मी.

शिलेदार_६७
अवांतर: कुरसुराच्या भावंडांत 'खांदेरी' होती, हे मराठी माणसाने विसरू नये. कलवरी, खांदेरी, करंज, कुरसुरा अशा चौघी १९६७ ते १९६९ मध्ये आल्या. पैकी खांदेरी म्हणजे अलिबागसमोरचा आपला जलदुर्ग, ज्याच्या बांधकामापायी १६७९ मध्ये इंग्रजांशी जुंपली होती. त्यांच्या निवृत्तीनंतर माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या नव्या पाणबुड्यांना कलवरी, खांदेरी, करंज ही नावं परत दिली. पहिली कलवरी ८ डिसेंबर १९६७ ला नौदलात आली, म्हणून तो दिवस पाणबुडी दिन.

मिरची_भजी
नव्या कितीशा मोठ्या आहेत?

शिलेदार_६७
मोठ्या नाहीत, लहान आहेत! ६७.५ मीटर. माणसंही जवळपास निम्मी लागतात.

रणगाडा
सगळे कुरसुरावर बोलताय, पण विशाखापट्टणमची खरी गोष्ट गाझीची. ३-४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी या बंदराच्या तोंडाशीच बुडाली. आपल्या 'राजपूत' या युद्धनौकेने टाकलेल्या स्फोटकांनी बुडाली, हे सगळ्यांना माहीत आहे.

कोरा_कागद
सगळ्यांना नाही. पाकिस्तानचं म्हणणं आहे की आतल्या स्फोटाने किंवा तिनेच पेरलेल्या सुरुंगाने बुडाली.

रणगाडा
ते तसं म्हणणारच ना!

संपादक मंडळ
गाझीसाठी वेगळा धागा काढावा. तिथे मनसोक्त भांडा. इथे कुरसुरा.

अश्विनी_कुमार
तिसऱ्या कप्प्याबद्दल कुणीच लिहिलं नाही? पेरिस्कोप तिथेच ना?

नाखवा_ऑनलाइन
हो, राहिलंच. तिसऱ्यात लोक पेरिस्कोपच शोधतात, आणि त्या नादात बाकीचं हुकतं. तिथे तीन गोष्टी बघा. एक, खोली दाखवणाऱ्या तबकड्या. एकीवर थोड्या मीटरांचे सुटे सुटे आकडे असतात, दुसरीवर शेकड्यांत. पेरिस्कोप वर काढताना अर्ध्या मीटरचाही फरक पडतो, खोल जाताना पडत नाही, म्हणून दोन. दुसरं, बोट नाकावर झुकली की शेपटीवर, हे दाखवणारा बुडबुडा. गवंड्याच्या पातळीपट्टीत असतो तसाच, कमानदार नळीतला. तिसरं, झडपांची चाकं. पाणबुड्यांत महत्त्वाच्या चाकांचे आकार मुद्दाम वेगवेगळे ठेवतात, म्हणजे दिवे गेले तरी चाचपडून कळावं की हात कशावर आहे. दोन शेजारची चाकं बघा आणि डोळे मिटून ओळखता आली असती का, हा खेळ पोरीबरोबर खेळा. हात न लावता, अर्थात.

सोनचाफा
इतकं सगळं! आता व्यवहाराचं बोला. कधी जावं, गुडघेवाल्यांनी जावं का, आणि पाणबुडीसमोर रस्त्यापलीकडे ठेवलेलं नौदलाचं विमान बघण्यासारखं आहे का?

तांडेल
सोमवारी बंद असतं. बाकी दिवशी दुपारी उघडताच पोचा, संध्याकाळी सगळं शहर बीचवर असतं. वेळा बदलतात, आदल्या दिवशी खात्री करा. त्या किनाऱ्यावर नौदलाची प्रात्यक्षिकं असतील तर तो दिवस आणि त्याआधीचे सरावाचे दिवस टाळा, रस्ते बंद असतात. प्रात्यक्षिकंच बघायची असतील तर गोष्ट वेगळी, पण मग पाणबुडी दुसऱ्या दिवशी.

गुडघ्यांचं: बाहेरून जिना चढून आत जायचं, दुसऱ्या टोकाला उतरायचं. अवघड आहे ते मधलं. वाट अरुंद, दोन कप्प्यांमधल्या भिंतीतलं दार ओलांडताना वाकायचं आणि पाऊल उचलून टाकायचं, बसायला जागा नाही, मागे रांग. आणि मधूनच मागे फिरता येत नाही. म्हणून निर्णय जिन्याच्या खाली घ्यायचा, तिसऱ्या कप्प्यात नाही. बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांनाही हाच नियम.

डिझेलकाका
भर घालतो. पाठीवरची पिशवी पोटावर घ्या, नाहीतर ती प्रत्येक चाकात अडकते. भिंतीतलं दार ओलांडताना आधी वरची कड हाताने धरा, मग एक पाय पलीकडे, मग वाकून डोकं, शेवटी दुसरा पाय. लोक आधी डोकं घालतात आणि मग पाय कुठे टाकावा ते दिसत नाही. कपाळमोक्षाचं कारण तेच. चपला घसरत्या नकोत.

गर्दीचा उपाय: शक्यतो घोळक्याच्या शेवटी राहा. मागून रेटा कमी असला की पहिल्या कप्प्यात दोन मिनिटं जास्त मिळतात.

शिलेदार_६७
समोरचं टीयू-१४२ चुकवू नका. १९८८ ते २०१७ नौदलात होतं, पंखांचा विस्तार ५० मीटर, चार इंजिनं, आणि प्रत्येक इंजिनावर एकामागे एक असे दोन पंखे, उलट दिशांना फिरणारे. त्याचं काम पाणबुड्या शोधणं. वरून समुद्रात आवाज ऐकणारे तरंगक टाकायचे आणि कान लावून बसायचं. रस्त्याच्या एका बाजूला सावज, दुसऱ्या बाजूला शिकारी. आधी कुरसुरा बघा, मग हे. स्नॉर्कल वर काढणं केवढ्या जोखमीचं होतं ते त्या विमानाखाली उभं राहिल्यावर कळतं.

मिरची_भजी
मुंबई-पुण्याहून थेट गाडी आहे का?

अश्विनी_कुमार
कोणार्क एक्स्प्रेस. पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा करत जाते. डबा भरपूर घ्या.

सोनचाफा
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: बाबा, मी आणि प्रश्नपेटी आत. आई जिन्याशीच थांबणार, ती म्हणते मी बाहेरून पंखे मोजते.

चकली
तीन आहेत. काकूंना सांगू नका, मोजू द्या.